नीरफणसाची रोपे मुळापासून करावीत की टिश्यू कल्चरने?

परसदार (धागाकर्ता): कोकणात आणि गोव्यात परसात दिसणाऱ्या नीरफणसाला बी धरत नाही, त्यामुळे नवे झाड हवे असेल तर जुन्या झाडाच्या मुळालाच हात घालावा लागतो. बोटाएवढे जाड मूळ उकरून त्याचे वीतभर तुकडे करायचे, ते वाळूत आडवे पुरून ओल राखायची आणि कोंबाची वाट पाहायची, हे मी अनेक पावसाळे केले आहे. पण कापांसाठी फळ नेणारा प्रत्येक जण रोपही मागतो. एकाच झाडाची मुळे किती वेळा तोडायची? ही रोपे आता टिश्यू कल्चरने, म्हणजे झाडाचा छोटा कोंब प्रयोगशाळेत बाटलीत वाढवून व्हावीत, असे माझे ठाम मत आहे. हवाईतल्या ब्रेडफ्रूट (म्हणजे नीरफणस) इन्स्टिट्यूटच्या संग्रहातली ‘माआफाला’ ही जात याच पद्धतीने वाढून अनेक देशांत पोहोचली आहे.

कुदळ: आपली कळकळ पटते, मार्ग पटत नाही. मुळाच्या तुकड्याला वाळू आणि धीर पुरतो. बाटलीतल्या रोपाला निर्जंतुक खोली, अगर-अगरची जेली, वाढीची संप्रेरके आणि त्यानंतर शेडनेटमधले हार्डनिंग, म्हणजे बाहेरच्या हवेची हळूहळू सवय, लागते. बाटलीतल्या दमट हवेत वाढलेल्या पानांवर मेणाचा थर नीट धरलेला नसतो. हार्डनिंग पुरे न झालेली केळीची रोपे मी एकदा आणली होती, ती दोन दिवसांच्या उन्हात कडेने करपत गेली. शिवाय हजारो झाडे एकाच वाणाची झाली, तर एक रोग सगळ्यांना पुरेल.

परसदार: शेवटचा आक्षेप मुळाच्या तुकड्यालाही तितकाच लागू होतो, कारण तेही मूळ झाडाचेच हुबेहूब रूप असते. उलट मुळाबरोबर माती जाते आणि मातीबरोबर सूत्रकृमी, म्हणजे मुळांना लागणारे सूक्ष्म कृमी, हेही जाऊ शकतात. बाटलीतल्या रोपाबरोबर माती जातच नाही. हार्डनिंगचा मुद्दा मात्र मला मान्य आहे; घाईने विकलेले रोप म्हणजे शेतकऱ्याची फसवणूकच.

आगर: मला दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट सुटलेली वाटते. प्रयोगशाळेला परवडते ती एकाच वाणाची मोठी मागणी, आणि मुळे देणारी माणसे आपापल्या झाडाची देतात. आमच्या शेजारच्या झाडाचे फळ तव्यावर लोण्यासारखे मऊ होते, आमच्या झाडाचे तसे होत नाही. हा फरक कोणत्याही यादीत नोंदलेला नाही. म्हणून टिश्यू कल्चर करायचेच असेल, तर आधी गावोगावची चांगली झाडे हेरून त्यांच्या मुळांवर आलेले कोंब प्रयोगशाळेत न्यावेत. शेजारच्या झाडाचे मूळ मी या पावसाळ्यात मागून ठेवले आहे.