अहवालातले मथळे गायब होतायत, कोणी बघेल का?

सेक्रेटरी काका: नमस्कार मंडळी, सोसायटीचा वार्षिक अहवाल वर्डमध्ये तयार होत आलाय, ३० सप्टेंबरच्या आत सभा घ्यायचीय. पण डावीकडच्या नेव्हिगेशन पेनमध्ये, म्हणजे मथळ्यांची यादी दिसते तिथे, "लिफ्ट दुरुस्ती" दिसतच नाही, अनुक्रमणिकेत मात्र व्यवस्थित आहे. आणि "सिंकिंग फंड व गुंतवणूक" हा एकच मुद्दा दोन वेगळे म्हणून येतोय

ए-१०२: काका नुसतं बोल्ड केलंय का? हेडिंग १ स्टाईल द्यावी लागते

सेक्रेटरी काका: दिलीये गं, बाकीचे सगळे मथळे येतायत

बी-३०४: काका, लिफ्टचा मथळा खर्चाच्या टेबलात टाइप केलाय का बघा. टेबलातलं हेडिंग तो पेन दाखवतच नाही, वर्डची रीतच तशी आहे, तुमचं काही चुकलेलं नाही. टेबलाच्या पहिल्या ओळीत कर्सर ठेवून कंट्रोल शिफ्ट एंटर मारा, वर रिकामी ओळ मिळेल, मथळा तिथे हलवा. सिंकिंग फंडच्या मध्ये एंटर पडलाय म्हणून दोन झालेत, तो काढा, ओळ तोडायचीच असेल तर शिफ्ट एंटर

सेक्रेटरी काका: आला लिफ्टचा मथळा!! 🙏

सी-५०१: अहो पण मी आत्ता फाईल उघडली तर थकबाकीची यादीच नाहीये, नुसता मथळा आहे, कोणी डिलीट केली का?

बी-३०४: काकू घाबरू नका, यादी आहे. मथळ्यावर माऊस नेला की डावीकडे बारीक त्रिकोण दिसतो, त्यावर क्लिक झालं की खालचा मजकूर मिटतो. परत क्लिक करा

सी-५०१: हो हो, आली

बी-३०४: आणि कृपया सगळ्यांनी लक्षात ठेवा, पेनमधला मथळा ओढला की त्याच्याखालचं सगळं, उपमुद्दे टेबलं सकट, तिकडे जातं. काकांना हिशेब पुढे आणायचा असेल तर फार सोयीचं आहे, पण बाकीच्यांनी नुसतं वाचा, तिथे ओढाओढ नको

ए-१०२: अनुक्रमणिकेत हाताने काही लिहू नका काका, अपडेट केलं की ते पुसलं जातं. राईट क्लिक, अपडेट फील्ड, मग अपडेट एंटायर टेबल, नुसते पान नंबर अपडेट केले तर नवीन मथळा येणार नाही

बी-३०४: पीडीएफ करताना ऑप्शन्समध्ये हेडिंगवरून बुकमार्क बनवायची टिक करा, म्हणजे पीडीएफच्या बाजूलाही मथळ्यांची यादी येते, सभेत कुणी "थकबाकी कुठल्या पानावर" विचारलं की मथळ्यावर क्लिक केलं की झालं, आपल्याकडच्या आजी आजोबांना पानं चाळत बसायला लागू नये

सेक्रेटरी काका: ठीक, आज रात्री पीडीएफ टाकतो