आयटी सपोर्टपासून सायबर सुरक्षेकडे: काय शिकू, कुठून शिकू?

कोरीपाटी:
नमस्कार मंडळी. शिक्षण कॉमर्सचं, पण हेल्पडेस्कची म्हणजे एल१ (पहिल्या पातळीच्या) सपोर्टची नोकरी धरायची आहे आणि पुढे सायबर सुरक्षेत जायचंय. यूट्यूबवर जो तो काली लिनक्स (हॅकिंगच्या साधनांसह येणारी ऑपरेटिंग सिस्टीम) टाका म्हणतोय. क्लासवाले तर नोकरीची हमी देऊन पिच्छाच सोडत नाहीत. कोर्स, सर्टिफिकेट, सराव, काहीही सुचवा. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा आहे.

तिकीटमास्तर:
काली तूर्तास राहू द्या. हमीवाल्यांनाही नारळ द्या.

एल१च्या मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न: "नेट चालत नाही असा फोन आला, काय कराल?" अर्धे उमेदवार थेट राउटर रीस्टार्ट करायला धावतात. आधी विचारायचं, एकट्याचंच बंद आहे की सगळ्यांचं? मग आयपीकॉन्फिग ही कमांड चालवून मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता बघायचा. पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल तर डीएचसीपीकडून, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून, पत्ताच मिळालेला नाही. पत्ता ठीक आहे, ८.८.८.८ला (गूगलचा सर्व्हर) पिंग जातोय म्हणजे तिथून उत्तर येतंय, पण नावाने साइट उघडत नाही? मग डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधणारी सेवा, बघा. हा क्रम अंगवळणी पडला की निम्मं काम झालं.

अभ्यासक्रम म्हणून कॉम्पटिया या संस्थेचं ए प्लस हे पायाभूत सर्टिफिकेट धरा. कोर १ आणि कोर २ असे दोन पेपर, सर्टिफिकेट ३ वर्षं चालतं. २०२५मध्ये पेपरांची नवी मालिका आली (२२०-१२०१ आणि २२०-१२०२), तेव्हा कुणी जुन्या नोट्स गळ्यात मारत नाही ना ते बघा. प्रोफेसर मेसरचे व्हिडिओ फुकट आहेत आणि चांगले आहेत. कोर्सेरावरचा गूगलचा आयटी सपोर्ट कोर्स अगदी नवख्याला बरा, पण त्यात ऐकणं जास्त, हात काळे करणं कमी.

लॉगवाली:
वरच्याशी सहमत. सुरक्षा हा सपोर्टनंतरचा वेगळा मजला नाही, ती तिकिटांतच, म्हणजे रोज नोंदवल्या जाणाऱ्या तक्रारींतच, असते.

उदाहरण देते. एकाचं खातं रोज सकाळी लॉक होतं. एल१वाला अनलॉक करून तिकीट बंद करतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. डोमेन कंट्रोलरच्या (कंपनीची सगळी खाती सांभाळणाऱ्या सर्व्हरच्या) सिक्युरिटी लॉगमध्ये, म्हणजे सुरक्षेच्या नोंदींत, इव्हेंट ४७४० उघडा, लॉकआउट कुठल्या मशीनवरून झाला ते नाव तिथे असतं. बहुतेक वेळा फोनमध्ये किंवा एखाद्या शेड्यूल्ड टास्कमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामात) जुना पासवर्ड पडून असतो. पण त्याच लॉगमध्ये ४६२५ म्हणजे फसलेली लॉगिन्स एकाच ठिकाणाहून पन्नास वेगवेगळ्या नावांनी दिसली, तर तो विसराळूपणा नव्हे, कुणीतरी पासवर्ड चाचपून बघतंय. तेव्हा वरच्या टीमला उठवायचं.

आणि पासवर्ड रीसेटचा फोन! "साहेब मीटिंगमध्ये आहेत, लगेच करून द्या" म्हणणाऱ्याला नोंदीतल्या नंबरवर उलट फोन लावल्याशिवाय काहीही द्यायचं नाही. समोरचा कितीही चिडो. हल्लेखोरांना हेल्पडेस्क आवडतो तो आपल्या मदतीच्या सवयीमुळेच.

सरावाला ट्रायहॅकमी या साइटवरच्या सुरुवातीच्या फुकट रूम्स (सरावाचे धडे) आणि लिनक्स कमांडसाठी ओव्हरदवायर या साइटवरचा बँडिट हा खेळ. सिक्युरिटी प्लस (कॉम्पटियाचंच सुरक्षेचं सर्टिफिकेट) नंतर, नेटवर्किंग पक्कं झाल्यावर.

स्पष्टवक्ता:
ज्ञान वगैरे ठीक, पण एचआरची चाळणी सर्टिफिकेटचीच असते. एक तरी हवंच. दहा मात्र नकोत, मुलाखत घेणाऱ्याला उलट शंका येते.

कोरीपाटी:
सगळ्यांचे आभार. डोमेन कंट्रोलर घरी कुठून आणू? ८ जीबीत होईल?

तिकीटमास्तर:
होईल, जरा रडतखडत. एका लॅपटॉपमध्ये अनेक आभासी मशीन चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स फुकट आहे. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर विंडोज सर्व्हरची १८० दिवसांची चाचणी आवृत्ती मिळते. डेस्कटॉप नसलेलं सर्व्हर कोर टाकलंत तर २ जीबीत भागतं. क्लायंटला, म्हणजे सर्व्हरला जोडायच्या दुसऱ्या मशीनला, विंडोज एंटरप्राइझची ९० दिवसांची चाचणी आवृत्ती घ्या, कारण होम आवृत्ती डोमेनला जोडताच येत नाही. ब्राउझर बंद ठेवा, नाहीतर सगळंच गोठेल.

मग मुद्दाम मोडा. क्लायंटमध्ये डीएनएसचा पत्ता चुकीचा टाका आणि डोमेनला जोडून बघा काय एरर येते. लॉकआउट पॉलिसी (इतक्या चुकीच्या पासवर्डांनंतर खातं लॉक, असा नियम) लावून स्वतःचंच खातं लॉक करा आणि लॉगवाली म्हणतात तो ४७४० शोधा. प्रत्येक बिघाडाची तिकिटासारखी नोंद लिहा: तक्रार काय, काय तपासलं, कारण काय निघालं. मुलाखतीला जाताना ती वही सोबत न्या.

लॉगवाली:
आणि मोडण्याआधी आभासी मशीनचा स्नॅपशॉट घ्या, म्हणजे पूर्वीच्या स्थितीत परत जाता येईल!