बॅकअपचे व्हॉल्यूम तारखेवर फिरवावेत की तपासणीवर?

धागालेखक:

बॅकअप सर्व्हरवरचे व्हॉल्यूम (प्रती साठवण्याचे स्वतंत्र कप्पे) ठरावीक दिवसांनी आपोआप पुसून पुन्हा वापरायचे, ही पद्धत इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याविषयी सहसा कोणी शंका घेत नाही. माझे मत असे आहे की केवळ मुदत संपली एवढ्या कारणावरून कोणताही व्हॉल्यूम पुसला जाऊ नये. त्याच्यानंतर घेतलेल्या एखाद्या बॅकअपमधून डेटा प्रत्यक्ष परत काढून पाहिला आहे, अशी नोंद झाल्यावरच सर्व्हरला तो पुसण्याची मोकळीक असावी.

मी सांभाळत असलेल्या एका सर्व्हरवर सात व्हॉल्यूम होते. रोज रात्री एक भरायचा आणि आठव्या रात्री पुन्हा पहिल्यापासून सुरुवात व्हायची. एका महिन्याच्या १ तारखेला डिस्कच्या दोषामुळे हिशेबाच्या डेटाबेसमधील एका तक्त्याचा काही भाग खराब झाला. तो भाग रोजच्या कामात लागत नसल्याने कोणाच्या लक्षात आले नाही. बॅकअपने मात्र ती खराब फाइल रोज इमानेइतबारे उचलली आणि रोज पहाटेच्या अहवालात ‘यशस्वी’ असा शेरा येत राहिला. १० तारखेला जुन्या नोंदी काढताना तक्ता उघडेना, तेव्हा मी सातही व्हॉल्यूम एकामागून एक तपासले. सातही प्रती सारख्याच खराब निघाल्या. शेवटची चांगली प्रत कुठे गेली हे लॉगमध्ये स्पष्ट होते: ७ तारखेच्या रात्री जुना व्हॉल्यूम रिकामा करून त्यावर नवे लेबल लिहिले गेले होते. त्या नोंदी कागदी पावत्यांवरून पुन्हा भरायला आम्हांला तीन आठवडे लागले.

‘बॅक्युला’ ही बॅकअपची प्रणाली वापरणाऱ्यांना ठाऊक असेल की त्यात मुदतीचे आकडे न दिल्यास व्हॉल्यूम ३६५ दिवस, जॉबची (बॅकअपच्या प्रत्येक फेरीची) नोंद १८० दिवस आणि फाइलींची नोंद ६० दिवस राखली जाते. शिवाय मुदत संपली तरी लिहायला दुसरी जागा शिल्लक असेपर्यंत तो जुन्या व्हॉल्यूमला हात लावत नाही. हा सावधपणा मला योग्य वाटतो. जागा कमी पडू लागली की आपणच मुदत घटवतो, किंवा मुदत न पाहता सर्वांत जुना व्हॉल्यूम रिकामा करणारा ‘पर्ज ओल्डेस्ट व्हॉल्यूम’ हा पर्याय चालू करून बसतो.

प्रतिसाद – रात्रपाळी:

आपल्या अनुभवाविषयी पूर्ण सहानुभूती आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला धोक्याचा वाटतो. तपासणी झाल्याशिवाय पुसायचे नाही असा नियम केला, आणि तपासणी करणारे यंत्रच बंद पडले किंवा ते काम पाहणारी व्यक्ती आठवडाभर रजेवर गेली, तर व्हॉल्यूम मोकळे होणार नाहीत. मग रात्रीचा जॉब ‘लिहिण्यासाठी व्हॉल्यूम उपलब्ध नाही’ असा निरोप देऊन ताटकळत राहील आणि त्या रात्रीचा बॅकअपच होणार नाही. डेटा परत मागायला येणाऱ्यांना बहुधा कालची फाइल हवी असते, हे मी इतकी वर्षे पाहत आलो आहे. कालचीच प्रत नसेल, तर महिन्यापूर्वीची तपासलेली प्रत त्यांच्या काय कामाची?

आपली खरी अडचण चक्राच्या खोलीची होती. सात व्हॉल्यूम सरळ ओळीत फिरवले की सात दिवसांचाच इतिहास मिळतो. तेच सात व्हॉल्यूम हनोईच्या मनोऱ्याच्या क्रमाने फिरवले, म्हणजे पहिला दर दोन दिवसांनी, दुसरा दर चार दिवसांनी, तिसरा दर आठ दिवसांनी असे, तर शेवटच्या दोघांची पाळी ६४ दिवसांनी येते आणि किमान ३२ दिवसांपूर्वीची एक प्रत कायम हाताशी राहते. प्रत्येक वेळी पूर्ण बॅकअप घ्यावा लागतो, एवढीच त्याची अट आहे. हा क्रम पूर्णपणे तारखेवर चालतो आणि त्यात कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.

धागालेखक:

खोली वाढवायला हवी होती, हे मान्य. परंतु नव्या प्रती मुळात तयारच होत नसतील, तर खोली किती दिवस पुरणार? ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअरचा कोड साठवणाऱ्या सेवेत मुख्य डेटाबेसची फाइली असलेली डिरेक्टरी चुकून पुसली गेली, तेव्हा रोजचा बॅकअप बरेच दिवस फसत होता असे उघडकीस आले. डेटाबेस पोस्टग्रेस या प्रणालीच्या ९.६ आवृत्तीवर होता आणि बॅकअप घेणारे साधन ९.२ चे असल्याने ते चालत नव्हते. अपयशाची सूचना देणाऱ्या ईमेलही डीमार्क या ईमेल-पडताळणीच्या नियमात न बसल्याने नाकारल्या जात होत्या. शेवटी सुमारे सहा तासांपूर्वी सहज घेतलेल्या एका स्नॅपशॉटवरून (त्या क्षणीच्या डेटाच्या प्रतीवरून) त्यांना डेटा परत आणावा लागला. अशा बिघाडात तारखेवर चालणारे चक्र रोज एक चांगली जुनी प्रत पुसते आणि तिच्या जागी काहीच ठेवत नाही. परत काढून पाहण्याची अट असती, तर निदान जुन्या प्रती जागच्या जागी राहिल्या असत्या.

प्रतिसाद – कणशः:

आपण दोघेही टेपच्या काळातला प्रश्न सोडवत आहात असे मला वाटते. टेपवरचा मधलाच एखादा बॅकअप काढून टाकता येत नसे, म्हणून अख्खी टेप हेच पुसण्याचे एकक ठरले आणि डिस्क आल्यावरही तेच एकक आपण व्हॉल्यूमच्या रूपाने पुढे चालवले. ‘बोर्ग’ किंवा ‘रेस्टिक’ यांसारख्या साधनांत डेटाचे तुकडे करून प्रत्येक तुकडा एकदाच साठवला जातो, त्यामुळे सात दैनिक, चार साप्ताहिक आणि बारा मासिक आवृत्त्या ठेवायला तेवीसपट जागा लागत नाही. हवी ती आवृत्ती नेमकी वगळता येते, आणि काय वगळले जाईल हे आधी नुसते पाहताही येते. फिरवायला व्हॉल्यूमच नसेल, तर तो कधी पुसावा हा वादही राहत नाही.

प्रतिसाद – जोडडिस्क:

‘कणशः’ यांच्याशी मी सहमत नाही. प्रत्येक तुकडा एकदाच साठवला जातो, याचा दुसरा अर्थ असा की तो एक तुकडा खराब झाला तर त्यावर अवलंबून असलेल्या तेवीसही आवृत्त्यांत तीच फाइल जाते. वेगळ्या डिस्कवरचा पूर्ण बॅकअप स्वतःच्या पायावर उभा असतो.

दुसरे असे की, कायम जोडलेले भांडार हल्लेखोरालाही कायम उपलब्ध असते. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ या घातक प्रोग्रामने मर्स्क या जहाज कंपनीचे डोमेन कंट्रोलर (नेटवर्कवरील खाती आणि प्रवेश सांभाळणारे सर्व्हर) जगभर एकदम निकामी केले, कारण ते एकमेकांची प्रत ठेवत होते आणि सगळे जोडलेले होते. घानाच्या कार्यालयातला एकच वाचला, कारण त्या वेळी तिथली वीज गेल्यामुळे तो नेटवर्कवर नव्हता. मी तीन डिस्क आळीपाळीने वापरतो: एक सर्व्हरला जोडलेली, एक कपाटात आणि एक दुसऱ्या इमारतीत. डिस्क काढून पिशवीत घालताना तिच्यावरच्या चिकटपट्टीवर तारीख लिहितो. ती तारीख वाचायला सर्व्हर चालू असावा लागत नाही.

मुदत मोजण्यातली एक चूक मात्र सर्रास दिसते, ती इथे सांगायलाच हवी. महिन्यातून एकदा पूर्ण बॅकअप आणि बाकी दिवस इन्क्रिमेंटल (आदल्या बॅकअपनंतर जे बदलले तेवढ्याचाच), अशी रचना असताना लोक मुदत ३० दिवसांची ठेवतात. मग पूर्ण बॅकअपचा व्हॉल्यूम आधी पुसला जातो आणि त्यावर आधारलेले इन्क्रिमेंटल तसेच पडून राहतात. कॅटलॉगमध्ये (बॅकअपच्या सूचीत) ते दिसतात, जागाही अडवतात, पण त्यांतून पूर्ण स्थिती उभी करता येत नाही. महिन्याभरापूर्वीची कोणतीही तारीख परत मिळवायची असेल, तर मुदत साधारण ६० दिवसांची हवी. साखळीतला शेवटचा इन्क्रिमेंटल कालबाह्य होईपर्यंत तिचा पहिला दुवा टिकला पाहिजे.

प्रतिसाद – रात्रपाळी:

साखळीचा मुद्दा अगदी बरोबर आहे. धागालेखकांना माझा प्रश्न वेळेचा आहे. ८ टीबीचा व्हॉल्यूम सेकंदाला १५० एमबी या वेगाने नुसता वाचायलाही सुमारे १५ तास लागतात. दर रात्रीची तपासणी आपण कोणत्या वेळेत बसवणार?

धागालेखक:

संपूर्ण व्हॉल्यूम रोज वाचावा असे माझे म्हणणे नाही. आता मी रोज फक्त डेटाबेस वेगळ्या यंत्रावर उभा करतो, प्रत्येक तक्ता शेवटपर्यंत वाचून त्यातील ओळींची संख्या आदल्या दिवसाशी ताडून पाहतो आणि यदृच्छेने निवडलेल्या दोनशे फाइलींचे चेकसम (मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे) जुळवतो. याला चाळीस मिनिटे लागतात. संपूर्ण वाचन महिन्यातून एकदा होते. रात्रीचा जॉब अडून राहू नये म्हणून दोन व्हॉल्यूम चक्राबाहेर राखीव ठेवले आहेत, आणि त्यांतला पहिला वापरात आला की मला फोनवर सूचना येते.

प्रतिसाद – रात्रपाळी:

राखीव व्हॉल्यूमची योजना मी माझ्याकडेही करीन. तरीही दोन्ही राखीव भरल्यावर तिसऱ्या रात्री सर्व्हरने काय करावे, याचे उत्तर आधीच लिहून ठेवलेले असावे, आणि ते ‘सर्वांत जुना व्हॉल्यूम पुसून बॅकअप घ्यावा’ असेच असावे, यावर मी ठाम आहे.

धागालेखक:

तिसऱ्या रात्री माझा सर्व्हर काहीही न पुसता थांबेल. सलग तीन रात्री तपासणी फसली असेल, तर चौथी प्रतही तितकीच संशयास्पद असणार, आणि तिच्यासाठी चांगली ठरलेली जुनी प्रत मी देणार नाही.