काळ्या कागदावर पांढरी शाई घालून फोटो छापायचेत : व्हाइट चॅनल कसं बनवायचं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

विसर्जन मिरवणुकीचे रात्रीचे फोटो आहेत. बेलबाग चौक, लक्ष्मी रोड, अलका चौक. चहूबाजूंनी अंधार, वरून हॅलोजनचा झोत, त्यात उडणारा गुलाल आणि पांढऱ्या कुर्त्यातलं ढोलपथक. पांढऱ्या कागदावर प्रिंट काढली की अंधाराच्या जागी शाईचा चकचकीत थर बसतो, तो मला नकोय. म्हणून मुळातच काळं असलेलं जाड कार्डशीट घेऊन यूव्ही फ्लॅटबेडवर (सपाट टेबलाचं, अतिनील प्रकाशाने शाई वाळवणारं छपाईयंत्र), खाली पांढरी शाई घालून छापायचा विचार आहे. आकार १२ × १८ इंच. जमलं तर बालगंधर्व कलादालनात आमच्या ग्रुपच्या प्रदर्शनात लावेन.

नारायण पेठेतल्या एका प्रेसमध्ये विचारलं. उत्तर आलं, "व्हाइटचं वेगळं चॅनल करून आणा, मग बघू." विषय संपला! फोटोशॉप मला बऱ्यापैकी येतं, पण स्पॉट चॅनलला (नेहमीच्या चार रंगांबाहेरच्या शाईसाठीचं वेगळं चॅनल) कधी हात लावलेला नाही. फोटोखाली सगळीकडे सपाट पांढरं द्यायचं, की फोटोच्या उजेडाप्रमाणे कमीजास्त? फाइल कुठल्या स्वरूपात द्यायची? आणि हे पांढरं स्क्रीनवर तपासायचं कसं?

– रात्रपाळी

शाईवाला :
सपाट पांढरं अजिबात देऊ नका. तसं दिलंत तर आधी काळा कागद पांढरा करून मग त्यावर काळं छापल्यासारखं होईल. मग काळा कागद घेतलाच कशाला? अंधार कागदाचाच राहू द्या. आधी ठरवायचं ते पांढरं कुठे नको, हे.

आता कृती. प्रेसकडून त्यांचं सीएमवायके (सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा या छपाईच्या चार शाया) प्रोफाइल मागून घ्या. आरजीबी (लाल, हिरवा, निळा) मूळ फाइल जपून ठेवा, प्रत सीएमवायकेत न्या. चॅनल्स पॅनेलच्या मेन्यूत 'न्यू स्पॉट चॅनल' आहे. नाव मनाने देऊ नका. प्रेसच्या रिप सॉफ्टवेअरला (फाइल छपाईयंत्राला कळेल अशी करून देणारं) जे नाव कळतं तेच हवं, स्पेलिंग आणि कॅपिटल अक्षरांसकट. रोलँड कंपनीच्या व्हर्सावर्क्स या रिपमध्ये ते आरडीजी, अंडरस्कोर, व्हाइट असं असतं. नाव चुकलं तर पांढरं छापलं जाणार नाही, किंवा त्या जागी भलताच रंग येईल.

मेख अशी की स्पॉट चॅनलमध्ये काळं म्हणजे शाई आणि पांढरं म्हणजे शाई नाही. त्यामुळे फोटोची ग्रेस्केल (राखाडी) प्रत तशीच चिकटवली तर अंधारात शाई पडेल आणि कुर्ते कोरे राहतील. इन्व्हर्ट (काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं) करून चिकटवा.

स्क्रीनसाठी त्या चॅनलला एखादा भडक रंग द्या, मी निळा देतो. तिथे 'सॉलिडिटी' दिसेल, ती फक्त स्क्रीनवर दाखवण्यापुरती असते; छपाईत शाई किती पडेल याच्याशी तिचा संबंध नाही. टिफ सेव्ह करताना 'स्पॉट कलर्स'वर खूण हवी. जेपेगमध्ये स्पॉट चॅनल टिकत नाही. आणि कृपा करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, पेनड्राइव्ह घेऊन जा.

कोथरूडचा कंदील :
+१. भर एवढीच, की पांढरं दोन-तीन पिक्सेल आत घ्यावं. ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) तीन पिक्सेल म्हणजे साधारण पाव मिलिमीटर. नाहीतर रंग जरासा सरकला तरी कडेला पांढरी रेघ डोकावते.

शाईवाला :
कंदीलराव, ते लोगो किंवा कापलेल्या आकृतीसाठी बरोबर. इथे पांढरं उजेडाबरोबर विरत जाणार, त्याला कडाच नाही. आत कुठे घेणार? फोटोची बाहेरची चौकट तेवढी आत घ्या, बाकी हात लावू नका.

रात्रपाळी :
दोघांचेही आभार. फाइल केली. कुर्ते, फेटे, ढोलाची पानं छान उमटतील असं वाटतंय. पण गुलालात पांढरं फारच कमी आलंय, माहिती पॅनेलमध्ये ३६ टक्के दिसतं. एवढ्यावर गुलाल उठेल का?

शाईवाला :
नाही उठणार, विटकरी चिखल दिसेल. छपाईचे रंग पारदर्शक असतात. काळ्यावर नुसता मॅजेंटा मारला तर दिसतच नाही. खाली जेवढं पांढरं, तेवढाच तो खुलतो. ग्रेस्केल करताना फोटोशॉप हिरव्याला सर्वांत जास्त वजन देतं, आणि गुलालात हिरवा जवळपास नसतोच. समजा लाल २३०, हिरवा २०, निळा ११०. डोळ्याला हा रंग झगझगीत, पण राखाडीत जेमतेम ३६ टक्के. तुमचा आकडा तिथूनच आलाय.

उपाय : मूळ आरजीबी फाइलचे तिन्ही चॅनल एका ग्रेस्केल फाइलमध्ये तीन लेयर म्हणून ठेवा आणि वरच्या दोघांचा मोड 'लाइटन' करा. म्हणजे प्रत्येक पिक्सेलला तिघांतला सर्वांत मोठा आकडा मिळतो. गुलालाला २३०, म्हणजे ९० टक्के पांढरं. मग फ्लॅटन (सगळे लेयर एक), इन्व्हर्ट, स्पॉट चॅनलमध्ये. भगवे झेंडेही याच युक्तीने वाचतात.

शिवाय गडद भागातला सीएमवायकेचा काळाही पुसून टाका. मॅट कागदावर यूव्हीचा काळा चमकतो आणि तिरप्या उजेडात डाग पडल्यासारखा दिसतो.

कोथरूडचा कंदील :
हे लाइटनचं भारी आहे, वहीत लिहून ठेवलं. ताई, पूर्ण फोटो छापण्याआधी त्याच कार्डशीटवर ५, १०, २० असं करत १०० टक्क्यांपर्यंत पांढऱ्याची पट्टी छापून घ्या. खालचे एक-दोन टप्पे बहुतेक कागदात गडप होतील. जिथून दिसायला लागतं तिथून पांढरं सुरू होईल असा फोटोशॉपच्या 'कर्व्ह्ज'मध्ये त्या चॅनलचा कर्व्ह उचला. १०० टक्केही करडं वाटलं तर प्रेसला पांढऱ्याचे दोन थर मारायला सांगा. आणि मशीनवर पांढरी शाई बराच वेळ चाललेली नसेल तर आधी ढवळायला लावा. तिच्यातला टायटॅनियम डायॉक्साइड जड असतो, तळाशी बसतो.

रात्रपाळी :
पट्टी उद्याच देते. एक शेवटचं : फोटोखाली मराठीत ठिकाण आणि वर्ष बारीक अक्षरात हवंय. आणि यातलाच एक फोटो पारदर्शक अ‍ॅक्रिलिकवर करायचा झाला तर हीच फाइल चालेल का?

शाईवाला :
अक्षरं नुसत्या पांढऱ्या शाईत ठेवा, वर रंग नको. फार बारीक केलीत तर अनुस्वार आणि रफार भरून जातात, पातळ वळणाचा फाँट टाळा.

अ‍ॅक्रिलिकला ही फाइल चालणार नाही. ते मागच्या बाजूने छापतात : आधी रंग, त्यामागे पांढरं, आणि चित्र उलटं. उलटं करायचं काम तुम्ही करायचं की त्यांचं सॉफ्टवेअर करतं, हे आधी विचारा. दोघांनी केलं तर पुन्हा सुलटं होतं आणि अक्षरं आरशातली दिसतात. शिवाय तिथे अंधार द्यायला काळा कागद नाही. त्यामुळे सीएमवायकेतला काळा न पुसलेली प्रत घ्या आणि पांढरं सपाट द्या. मागून दिवा लावणार असाल तर झोत आणि गुलालापुरतं पांढरं हलकं करून बघा.