ब्रिटिशकालीन बंगल्यात कचेरी : मधल्या दालनाचे काय करावे?

प्रश्न (सातारा)
सदरबझारातील काळ्या दगडाचा, चुन्यात बांधलेला एक जुना बंगला आमच्या संस्थेला कचेरीसाठी मिळाला आहे. मध्ये उंच दालन असून दोन्ही बाजूंना लाकडी तक्तपोशीची माडी आहे. दालनात पार्टिशन घालून खोल्या पाडाव्यात आणि वर फॉल्स सीलिंग करावे, असे कंत्राटदाराचे म्हणणे आहे. मला ते मुळीच पटत नाही. लंडनच्या स्पेन्सर हाउसमध्येही (स्पेन्सर या सरदार घराण्याचा जुना वाडा) कचेऱ्या होत्या, तर तिथे मूळ वास्तू कशी राखली गेली?

उत्तर (सांगली)
आपला विरोध योग्य आहे. १७५६ मध्ये बांधकाम सुरू झालेल्या त्या घराचा तळमजला वास्तुविशारद जॉन वार्डीने सजवला आणि वरची दालने वास्तुविशारद जेम्स स्टुअर्टने. वार्डीच्या एका दालनात खांबांना ताडाच्या खोडाचे रूप दिले असून त्यांच्या सोनेरी झावळ्या थेट कमानीवर पसरतात. तिथे मध्येच छत आले, तर उरतील ती नुसती खोडे! दुसऱ्या महायुद्धात तिथले दरवाजे आणि शेकोट्यांच्या कोरीव चौकटी सुरक्षिततेसाठी अल्थॉर्पला, म्हणजे स्पेन्सर घराण्याच्या गावाकडील वाड्यात, हलवल्या होत्या. १९८५ नंतरच्या जीर्णोद्धारात त्यांच्या हुबेहूब प्रतिकृती घडवून घेतल्या, मुख्य दालने अखंड ठेवली आणि कचेऱ्यांना इतर खोल्या दिल्या. आपणही टेबले बाजूच्या खोल्यांत मांडावीत आणि दालन बैठकांसाठी मोकळे ठेवावे. भिंतींना सिमेंटचा गिलावा मात्र कदापि करू नये, कारण साताऱ्याच्या पावसात भिंतीत मुरलेली ओल चुन्यातून बाहेर पडते, ती सिमेंटमुळे आतच कोंडते आणि पापुद्रे सुटू लागतात.

उत्तर (मिरज)
दालनाबाबत सहमत आहे, पण मला अधिक काळजी माडीची वाटते. ब्रिटिश मानकांत राहत्या घराच्या मजल्यासाठी दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन (सुमारे १५० किलो वजनाइतका) भार धरतात, तर कचेरीसाठी २.५, म्हणून इंग्लंडमध्येही जुन्या घरात कचेरी थाटताना आधी लाकडी मजले तपासावे लागतात. फायलींची कपाटे तळमजल्यावरच ठेवावीत. वायरिंगसाठी तुळयांना खाचा पाडू देऊ नयेत. भिंतीच्या कडेने उघडी पट्टी नेलेली बरी. तुळयांची भिंतीत रोवलेली टोके आपण पाहिली आहेत का?

प्रश्नकर्ता
आज पाहिली. पश्चिमेकडील दोन टोके पन्हळीच्या गळतीने मऊ पडली असून टोचणी सहज आत जाते. पन्हळ दुरुस्त करून घेतो आणि अभियंत्याने तुळया तपासेपर्यंत त्या बाजूची माडी बंद ठेवतो. फॉल्स सीलिंगला संस्थेच्या बैठकीत लेखी हरकत घेणार आहे.