जाहिरातीची वाट बघू नका

नोकरी शोधणाऱ्या संशोधकांना 'जाहिरात निघाली की अर्ज करा' असं सांगतात, ते प्राध्यापकपदापुरतं ठीक. पोस्टडॉकला, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या तात्पुरत्या संशोधनाच्या नोकरीला, हा हिशेब चालत नाही. तिथल्या बऱ्याच जागा कुणाच्या तरी प्रकल्पाच्या पैशातून निघतात, आणि जाहिरात येईपर्यंत कधीकधी माणूस मनात ठरलेलाही असतो. मी आधी चाळीसेक ईमेल पाठवल्या, सगळ्या 'आदरणीय प्राध्यापक' छापाच्या. उत्तरं दोन, दोन्ही नकार. मग एका प्राध्यापक बाईंना त्यांच्या ताज्या पेपरमधल्या तिसऱ्या आकृतीबद्दल खराखुरा पडलेला प्रश्न विचारला, सीव्ही न जोडता. त्याच संध्याकाळी उत्तर! जागा त्यांच्याकडे नव्हती, पण पुढचं नाव त्यांनीच सुचवलं.

आणि फेलोशिपच्या अटींबद्दल सहसा कुणी बोलत नाही. युरोपियन युनियनच्या मेरी क्युरी पोस्टडॉक फेलोशिपला पीएच.डी.नंतरचा संशोधनाचा अनुभव जास्तीत जास्त ८ वर्षं चालतो (बाळंतपणाची रजा वगैरे त्यातून वजा होते). शिवाय अर्जाच्या शेवटच्या तारखेआधीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात (जिथे जाऊन संशोधन करायचं, तिथे) १२ महिन्यांपेक्षा जास्त वास्तव्य किंवा काम झालेलं चालत नाही. म्हणजे आधी तिथे जाऊन बस्तान बसवू, मग अर्ज करू, हा बेत नेमका अंगाशी येतो.