आई आणि आजी: एकाच व्यक्तीच्या दोन आठवणींचा मेळ कसा घालावा?

प्रश्न:
काही महिन्यांपूर्वी माझी आई वारली. तिच्याविषयी घरच्यांपुरती एक पुस्तिका तयार करावी असे आम्हा भावंडांच्या मनात आहे. पण आम्हाला आठवणारी आई करारी, काटेकोर आणि क्वचितच हसणारी आहे, तर आमच्या मुलांना आठवणारी आजी पत्त्यांच्या डावात बिनदिक्कत लबाडी करणारी आहे. शिवाय एकाच प्रसंगाविषयी आम्हा भावंडांचे सांगणेही जुळत नाही. अशा वेळी काय करावे?

प्रतिसाद १:
मेळ घालूच नये. जबाबदारीचा भार उतरल्यावर माणूस सैल होतो, त्यामुळे दोन्ही चित्रे खरी असू शकतात. सन आणि ठिकाणे दाखले, जुनी पत्रे यांवरून पडताळून घ्यावीत. बाकी प्रसंग ज्याने सांगितला त्याच्या नावासह, त्याच्याच शब्दांत द्यावा.

प्रतिसाद २:
मुले आणि नातवंडे या दोघांनीही तिचे तरुणपण पाहिलेले नसते, ही खरी उणीव आहे. उतारवयात साधारणपणे वयाच्या १० ते ३० वर्षांदरम्यानच्या आठवणी अधिक ठळकपणे येतात, असे मानसशास्त्रीय अभ्यासांत वारंवार आढळले आहे. म्हणून तिच्या बहिणी, मैत्रिणी, जुने सहकारी जे कोणी हयात असतील त्यांना आधी गाठावे आणि त्यांच्या संमतीने बोलणे ध्वनिमुद्रित करावे. ‘ती कशी होती?’ असे विचारल्यास ‘फार प्रेमळ होती’ एवढेच हाती लागते (आणि ते कोणाबद्दलही म्हणता येते). त्याऐवजी एखादे जुने छायाचित्र पुढे ठेवून त्यात कोण कोण आहे, ती त्या काळात कशावरून चिडत असे, तिला काय व्हायचे होते, असे विचारावे.

प्रतिसाद ३:
छायाचित्रांच्या मागे नावे लिहायची असल्यास मऊ पेन्सिल वापरावी. शाई पुढच्या बाजूला उमटू शकते. घरात अगदी लहान नातवंडे असतील, तर त्यांचे बोलणे आत्ताच टिपून ठेवावे, कारण तीन-चार वर्षांच्या आधीच्या आठवणी मोठेपणी बहुधा उरत नाहीत.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. मावशीशी बोलणे ठरवले आहे. आईने एका नातेवाइकाशी अनेक वर्षे अबोला धरला होता. तेही लिहावे का?

प्रतिसाद १:
ते नातेवाईक हयात असतील, तर आधी त्यांना विचारावे. त्यांची हरकत नसेल, तर अवश्य लिहावे.